बीबीसी मायक्रोला दुसरा डिस्क ड्राइव्ह कसा जोडतात?

बीबीसी मायक्रो हा १९८० च्या दशकातला आठ बिटचा संगणक भारतातल्या अनेक शाळांमध्ये पोहोचला होता. मूळ रूपात तो कॅसेटवर चालत असे. फ्लॉपी डिस्कची सोय त्यात नंतर बसवावी लागे आणि एका ड्राइव्हवर काम भागेना म्हणून पुढे दुसरा ड्राइव्हही जोडला जाई. आज असा संगणक शाळेच्या कपाटात, घराच्या माळ्यावर किंवा भंगारवाल्याकडे सापडला, तर दुसरा ड्राइव्ह जोडण्याचे महत्त्व उलट वाढलेले असते. सोबत सापडलेल्या फ्लॉपींवरचा मजकूर वाचून दुसरीकडे उतरवून घ्यायचा, तर त्याचा साधा मार्ग या दुसऱ्या ड्राइव्हमधूनच जातो. हा बदल नेमका काय असतो, त्यात कोणत्या चुका महाग पडतात आणि वाशिम जिल्ह्यातल्या मालेगावसारख्या गावी हे काम करताना कशाचे भान ठेवावे, याची ही माहिती.

शाळांमधून आलेला संगणक

ब्रिटनच्या बीबीसी या प्रसारण संस्थेने संगणक साक्षरतेचा कार्यक्रम हाती घेतला, तेव्हा त्यासाठी केंब्रिजच्या एकॉर्न कंपनीने हा संगणक तयार केला. डिसेंबर १९८१ मध्ये तो बाजारात आला. त्याच्या रचनेत मोठा वाटा असलेल्या सोफी विल्सन आणि स्टीव्ह फर्बर यांनीच पुढे एआरएम प्रोसेसरची पहिली आवृत्ती घडवली. आजचे बहुतेक मोबाइल त्याच घराण्यातल्या प्रोसेसरवर चालतात.

भारतात १९८४-८५ मध्ये केंद्र सरकारने शाळांसाठी ‘क्लास’ नावाचा संगणक साक्षरता प्रकल्प सुरू केला. पहिल्या टप्प्यात २५० शाळा निवडल्या गेल्या आणि संगणक म्हणून बीबीसी मायक्रोची निवड झाली. मोहालीच्या सेमीकंडक्टर कॉम्प्लेक्स लिमिटेड या सरकारी कंपनीने परवाना घेऊन हाच संगणक भारतात बनवला. म्हणून आपल्याकडे सापडणाऱ्या यंत्रावर एकॉर्नऐवजी या कंपनीचेही नाव असू शकते. आतली रचना मात्र मूळ संगणकाचीच.

कॅसेटकडून फ्लॉपीकडे

या संगणकाच्या ‘मॉडेल बी’मध्ये २ मेगाहर्ट्झचा ६५०२ प्रोसेसर आणि ३२ किलोबाइट स्मृती असते. कॅसेटवर माहिती सेकंदाला १२०० बिट या वेगाने जाते, म्हणजे साधारण १२० अक्षरे. २० किलोबाइटचा प्रोग्रॅम चढवायला त्यामुळे तीन मिनिटांच्या आसपास लागतात. मध्ये टेप अडकली किंवा आवाज कमीजास्त झाला, तर ती फीत मागे घेऊन पुन्हा लावायची. तासिकेची निम्मी वेळ यातच जायची.

फ्लॉपीवर हेच काम काही सेकंदांत होते. शिवाय टेप पुढेमागे न फिरवता हवी ती फाइल थेट उघडता येते. एकॉर्नच्या मूळ पद्धतीत ४० ट्रॅकच्या फ्लॉपीच्या एका बाजूवर १०० किलोबाइट आणि ८० ट्रॅकच्या फ्लॉपीच्या एका बाजूवर २०० किलोबाइट माहिती मावते. एका बाजूवर जास्तीत जास्त ३१ फाइली ठेवता येतात, मग जागा कितीही शिल्लक असो.

एकाच ड्राइव्हने काय अडते?

फ्लॉपी खराब होते, म्हणून तिची नक्कल काढून ठेवणे आवश्यक. एकच ड्राइव्ह असेल तर संगणक मूळ डिस्कवरचा थोडा भाग स्मृतीत घेतो, मग नवी डिस्क घालायला सांगतो, तो भाग लिहितो आणि पुन्हा मूळ डिस्क मागतो. मोकळी स्मृती फार तर २५ किलोबाइटच्या घरात असल्याने २०० किलोबाइटच्या एका बाजूसाठी डिस्कची अशी अदलाबदल आठ-नऊ वेळा करावी लागते. त्यात अदलाबदलीचा क्रम चुकून डिस्क उलटसुलट झाल्या, तर मूळ मजकुरावरच लिहिले जाऊ शकते. नक्कल काढायला बसावे आणि मूळही गमवावे, असा हा प्रकार.

दोन ड्राइव्ह असले की मूळ डिस्क एकात, कोरी डिस्क दुसऱ्यात आणि एकच आज्ञा. दुसरा ड्राइव्ह ही चैन नव्हती, ती याचसाठी गरज होती.

आधी संगणकात काय असावे लागते?

दुसरा ड्राइव्ह जोडण्यापूर्वी पहिल्याची सोय तरी आत आहे का, हे पाहावे लागते. संगणक सुरू केल्यावर पडद्यावर ‘बीबीसी कॉम्प्युटर ३२के’ या ओळीखाली ‘एकॉर्न डीएफएस’ अशी ओळ दिसली, तर डिस्कची सोय बसवलेली आहे. फक्त ‘बेसिक’ दिसले, तर बहुधा ती नाही.

ही सोय म्हणजे दोन गोष्टी. पहिली, डिस्क कंट्रोलर. मूळ बोर्डावर त्यासाठी इंटेलच्या ८२७१ या चिपची जागा राखलेली असते. तिच्यासोबत काही लहान चिप बसवाव्या लागतात आणि बोर्डावरची एक ठरावीक जोडणी तोडावी लागते. पुढे ८२७१ दुर्मीळ आणि महाग झाली, तेव्हा वेस्टर्न डिजिटलच्या १७७० या चिपवर आधारलेले छोटे बोर्ड आले. ते ८२७१ च्याच जागी बसतात. १९८५ च्या ‘बी प्लस’ मॉडेलमध्ये एकॉर्ननेही १७७० च वापरली. ही चिप दुप्पट घनतेने लिहू शकते; ८२७१ ला ते जमत नाही.

दुसरी गोष्ट, ‘डीएफएस’ ही रॉम चिप. फाइली कुठे ठेवायच्या, यादी कशी दाखवायची, नक्कल कशी काढायची, हे सगळे ज्ञान या चिपमध्ये असते. कंट्रोलर ८२७१ असेल तर त्याची डीएफएस वेगळी आणि १७७० असेल तर वेगळी. एकाची रॉम दुसऱ्यासोबत चालत नाही.

या सोयीची किंमत स्मृतीत मोजावी लागते. डीएफएस स्वतःच्या कामासाठी २८१६ बाइट राखून ठेवते. रंगीत चित्रांच्या ‘मोड २’ मध्ये पडदाच २० किलोबाइट खातो. कॅसेटवर काम करताना त्या मोडमध्ये प्रोग्रॅमला ८७०४ बाइट मिळतात, डिस्क बसवल्यावर ५८८८ उरतात. कॅसेटवर नीट चालणारा एखादा मोठा प्रोग्रॅम डिस्कवर उतरवल्यावर चालेनासा झाला, तर अनेकदा कारण एवढेच असते. दुसऱ्या ड्राइव्हसाठी मात्र वेगळी स्मृती लागत नाही. पहिल्या ड्राइव्हची किंमत एकदा मोजली की दुसरा त्यातच येतो.

दुसऱ्या ड्राइव्हचे तीन प्रश्न

संगणकाच्या पोटाखाली ३४ पिनांचे सॉकेट असते. तिथून निघणाऱ्या एकाच चपट्या रिबन केबलवर दोन्ही ड्राइव्ह बसतात. त्यामुळे तीन प्रश्न सोडवावे लागतात.

पहिला प्रश्न पत्त्याचा. दोन्ही ड्राइव्ह एकाच तारेवर असताना संगणक कोणाशी बोलतो आहे, हे कसे कळणार? त्यासाठी केबलमध्ये निवडीच्या वेगळ्या तारा असतात. पहिल्या ड्राइव्हसाठी पिन १० आणि दुसऱ्यासाठी पिन १२. ड्राइव्हच्या बोर्डावर ‘डीएस’ लिहिलेले छोटे जम्पर असतात. पहिल्याचा जम्पर डीएस ० वर आणि दुसऱ्याचा डीएस १ वर ठेवायचा. काही कंपन्या मोजणी ० ऐवजी १ पासून करतात. तिथे हेच जम्पर डीएस १ आणि डीएस २ होतात. ‘एमएक्स’ नावाचा जम्पर असेल तर तो उघडा ठेवावा. तो जोडलेला राहिला तर ड्राइव्ह प्रत्येक हाकेला ओ देतो.

इथे पीसीच्या जुन्या केबलने बरेच जण फसतात. पीसीच्या केबलमध्ये मधल्या काही तारा मुद्दाम पिळलेल्या असतात, कारण तिथे दोन्ही ड्राइव्ह एकाच क्रमांकावर ठेवण्याची पद्धत होती. बीबीसी मायक्रोला सरळ, न पिळलेली केबल लागते.

दुसरा प्रश्न केबलच्या टोकाचा. तारेच्या टोकाशी पोहोचलेला संकेत परत उसळू नये, म्हणून शेवटच्या ड्राइव्हवर रेझिस्टरचा एक संच बसवलेला असतो. त्याला टर्मिनेटर म्हणतात. तो बहुधा १५० ओहमचा असतो आणि सॉकेटमधून उपटून काढता येतो. दोन ड्राइव्ह जोडताना तो केबलच्या टोकाच्या ड्राइव्हवर ठेवायचा आणि मधल्यावरून काढायचा. दोन्हींवर राहिला तर संकेत ओढणाऱ्या चिपवर दुप्पट भार येतो. कधी वाचते, कधी वाचत नाही, असा त्रास त्यातून सुरू होतो. साडेतीन इंची नव्या ड्राइव्हमध्ये हे रेझिस्टर आतच आणि हलक्या भाराचे असतात, तिथे काही काढावे लागत नाही.

तिसरा प्रश्न विजेचा. सव्वापाच इंची ड्राइव्हला ५ आणि १२ असे दोन्ही व्होल्ट लागतात. संगणकाखालच्या जादा सॉकेटमधून दोन्ही मिळतात, पण प्रत्येकी १.२५ अँपिअरपर्यंतच. जुन्या, जाड ड्राइव्हची मोटर सुरू होतानाच १२ व्होल्टवर एवढा प्रवाह एकटीने ओढू शकते. एक हलका ड्राइव्ह या सॉकेटवर चालतो. दोन जुन्या ड्राइव्हना स्वतंत्र वीजपुरवठा द्यावा.

ड्राइव्हचे क्रमांक

दुसरा ड्राइव्ह जोडल्यावर नवख्याला गोंधळात टाकणारी एक गोष्ट म्हणजे क्रमांक. दोन ड्राइव्ह असूनही डीएफएस चार क्रमांक दाखवते. पहिल्या ड्राइव्हमधल्या डिस्कची एक बाजू ० आणि तिचीच मागची बाजू २. दुसऱ्या ड्राइव्हची एक बाजू १ आणि मागची ३. प्रत्येक बाजूची फाइलींची यादी वेगळी असते. दोन्ही ड्राइव्ह ८० ट्रॅकचे आणि दुहेरी बाजूंचे असले, तर एका वेळी चारदा २०० म्हणजे ८०० किलोबाइट हाताशी येतात.

म्हणून एखाद्या जुन्या डिस्कची पूर्ण नक्कल म्हणजे दोन नकला: ० वरून १ वर आणि २ वरून ३ वर. मागची बाजू तपासायची राहून गेली, तर अर्धी डिस्क तशीच मागे राहते.

कोणता ड्राइव्ह चालतो?

४० आणि ८० ट्रॅकचे ड्राइव्ह एकत्र असतील तर जपावे. ८० ट्रॅकच्या ड्राइव्हचे हेड अरुंद असते. प्रत्येक वेळी दोन पावले टाकून ते ४० ट्रॅकची डिस्क वाचू शकते. त्यासाठी काही ड्राइव्हच्या पेटीवर ४०/८० असे बटण असते. वाचणे ठीक, लिहिणे धोक्याचे. अरुंद हेडने जुन्या रुंद ट्रॅकवर लिहिले की कडांना आधीचा मजकूर उरतो. तीच डिस्क पुढे ४० ट्रॅकच्या ड्राइव्हमध्ये गेली की नवा-जुना मजकूर एकत्र वाचला जाऊन गोंधळ होतो.

पीसीतला १.२ मेगाबाइटचा सव्वापाच इंची ड्राइव्ह टाळावा. तो मिनिटाला ३६० फेरे घेतो आणि या संगणकाला ३०० फेरे अपेक्षित असतात. साडेतीन इंची ड्राइव्ह मात्र चालतो. पीसीतल्या अशा ड्राइव्हवर बहुधा जम्पर नसतो आणि तो कारखान्यातूनच डीएस १ वर ठेवलेला असतो. सरळ केबलवर तो आपोआप दुसरा ड्राइव्ह होतो. त्यात ७२० किलोबाइटच्या, म्हणजे एकाच चौकोनी छिद्राच्या डिस्क वापराव्यात.

जोडणीचा क्रम

१. संगणक आणि ड्राइव्ह दोन्ही बंद करून प्लग काढावेत.

२. दोन्ही ड्राइव्हचे जम्पर आणि टर्मिनेटर तपासावेत. बदल करण्यापूर्वीच्या स्थितीचा मोबाइलवर फोटो काढून ठेवावा.

३. ड्राइव्हच्या हेडवरची धूळ आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवलेल्या, धागे न सुटणाऱ्या कापडाने हलकेच पुसावी.

४. केबलची रंगीत कड पिन १ च्या बाजूला येईल अशी जोडावी.

५. स्वतंत्र वीजपुरवठा असेल तर ड्राइव्हला जोडण्याआधी मल्टिमीटरने ५ आणि १२ व्होल्ट मोजावेत.

६. पहिल्यांदा सुरू करताना कोणत्याही ड्राइव्हमध्ये डिस्क ठेवू नये. केबल उलटी बसली असेल तर लिहिण्याची तारही चालू राहते आणि आत असलेली डिस्क पुसली जाऊ शकते.

७. दिवे ठीक दिसले की आधी बिनमहत्त्वाच्या डिस्कवर चाचणी घ्यावी. ‘*ड्राइव्ह १’ या आज्ञेने दुसरा ड्राइव्ह निवडता येतो आणि ‘*कॅट’ ने यादी दिसते.

८. मूळ डिस्कला लिहिण्यापासून संरक्षण द्यावे. सव्वापाच इंची डिस्कच्या कडेची खाच चिकटपट्टीने झाकली की ती सुरक्षित. साडेतीन इंची डिस्कचे उलट आहे: तिची खिडकी उघडी असली की ती सुरक्षित.

९. मग ‘*एनेबल’ आणि त्यानंतर ‘*बॅकअप ० १’. नक्कल काढताना स्मृतीतला प्रोग्रॅम पुसला जातो, म्हणून तो आधी जतन करावा. कोरी डिस्क आधी फॉरमॅट केलेली असावी लागते. ८२७१ च्या जुन्या डीएफएसमध्ये फॉरमॅटची आज्ञा नसते, तो प्रोग्रॅम वेगळ्या डिस्कवर येत असे.

बिघाड कसा ओळखावा?

• दोन्ही दिवे सुरू होताच लागतात आणि विझतच नाहीत: केबल उलटी आहे.

• एकाला हाक दिली की दोन्ही दिवे लागतात: दोन्हींचा पत्ता एकच आहे.

• दिवा लागतो पण डिस्क फिरत नाही: १२ व्होल्ट पोहोचत नाहीत किंवा पट्ट्यावर चालणाऱ्या जुन्या ड्राइव्हचा रबरी पट्टा सैल झाला आहे.

• एकटा ड्राइव्ह नीट चालतो, दोन जोडले की चुका येतात: टर्मिनेटर किंवा वीजपुरवठा पाहावा.

• ‘डिस्क फॉल्ट’ असा संदेश येऊन नक्कल मध्येच थांबते: डिस्कचा तेवढा भाग खराब आहे. अशा वेळी ‘*कॉपी’ ने एकेक फाइल उतरवावी. जी फाइल खराब भागावर नाही, ती बहुधा वाचते.

दुसऱ्या ड्राइव्हच्या जागी पेन ड्राइव्ह

आज कोऱ्या सव्वापाच इंची डिस्क सहज मिळत नाहीत. त्यामुळे दुसऱ्या ड्राइव्हच्या जागी ‘गोटेक’ नावाचा फ्लॉपीची नक्कल करणारा भाग बसवण्याची पद्धत रूढ झाली आहे. त्याला तेच ३४ पिनांचे सॉकेट असते, वीज फक्त ५ व्होल्टची लागते आणि डिस्कऐवजी यूएसबी पेन ड्राइव्ह बसतो. संगणकाला तो साधा फ्लॉपी ड्राइव्हच वाटतो. कारखान्यातून येणारा त्याचा प्रोग्रॅम पीसीच्या १.४४ मेगाबाइट फ्लॉपीसाठी असतो, म्हणून त्यात आधी ‘फ्लॅशफ्लॉपी’ हा मोफत प्रोग्रॅम घालावा लागतो.

पहिल्या क्रमांकावर जुना खरा ड्राइव्ह आणि दुसऱ्यावर गोटेक, ही जोडी जुन्या डिस्क वाचवण्यासाठी सर्वांत सोयीची. ‘*बॅकअप ० १’ ही चाळीस वर्षांपूर्वीचीच आज्ञा दिली की फ्लॉपीवरचा मजकूर पेन ड्राइव्हवरच्या फाइलमध्ये उतरतो. ती फाइल मग कोणत्याही आजच्या संगणकावर ठेवता येते आणि नकली बीबीसी मायक्रो चालवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये उघडता येते. २०० किलोबाइटच्या हिशेबाने एका गिगाबाइटमध्ये अशा सुमारे पाच हजार बाजू मावतात.

मालेगावसारख्या गावी हे काम करताना

वाशिम जिल्हा १ जुलै १९९८ रोजी अकोल्यातून वेगळा झाला. त्यामुळे मालेगाव परिसरातल्या एखाद्या शाळेत १९८०-९० च्या दशकातले सामान सापडले, तर त्याच्या नोंदीवर किंवा शिक्क्यावर ‘जि. अकोला’ असेल. ती वस्तू दुसरीकडची नव्हे.

शाळेची वस्तू असेल तर पेचकस हाती घेण्याआधी डेडस्टॉक रजिस्टर पाहावे. जोवर वस्तूचे रीतसर निर्लेखन झालेले नाही, तोवर ती शाळेच्या मालमत्तेत असते. तिच्यात बदल करायला किंवा ती बाहेर न्यायला मुख्याध्यापकांची लेखी परवानगी घ्यावी. निर्लेखन होऊन लिलावात गेलेल्या संगणकासोबत डिस्कचे खोकेही भंगारात जाते, म्हणून डिस्कची तपासणी त्याआधी व्हायला हवी. त्यांवर मुलांनी लिहिलेले प्रोग्रॅम, शिक्षकांनी बनवलेले पाठ किंवा निकालपत्रके असू शकतात, आणि त्यांची दुसरी प्रत कुठेही नसते.

हवामानाचा भाग मोठा आहे. उन्हाळ्यात इथला पारा चाळीसच्या वर जातो आणि पावसाळ्यात बंद कपाटात ओल धरते. डिस्कच्या खिडकीतून पांढुरके ठिपके दिसले तर ती बुरशी. अशी डिस्क ड्राइव्हमध्ये घातली तर बुरशी हेडला लागते, चुंबकीय थर खरवडला जातो आणि त्यानंतर घातलेली चांगली डिस्कही खराब होते. चांगल्या डिस्क आधी उतरवून घ्याव्यात, बुरशीच्या बाजूला ठेवाव्यात आणि प्रत्येक डिस्कनंतर हेड पुसावे.

वीज हा दुसरा भाग. डिस्कवरची फाइलींची यादी पहिल्या ट्रॅकच्या पहिल्या दोन भागांत, अवघ्या ५१२ बाइटमध्ये असते. यादी लिहिली जात असताना वीज गेली, तर फाइली जागच्या जागी असूनही सापडत नाहीत. संगणक आणि ड्राइव्ह यूपीएसवर चालवावेत. सुरू किंवा बंद करताना डिस्क बाहेर असावी.

संगणकाचा स्वतःचा वीजपुरवठाही जुना झालेला असतो. त्यातले कागदी थराचे पिवळट, पारदर्शक कपॅसिटर वयाने तडकतात आणि सुरू केल्यावर काही मिनिटांत फुटून दाट, उग्र वासाचा धूर सोडतात. आकार आणि क्षमता तीच ठेवून हे आधीच बदलून घ्यावेत. ही २३० व्होल्टची बाजू आहे. टीव्ही किंवा इन्व्हर्टर दुरुस्त करणारा अनुभवी मेकॅनिक हे काम करू शकतो, नवख्याने त्यात हात घालू नये.

रिबन केबल, कनेक्टर, कपॅसिटर यांसारखे भाग अकोल्यासारख्या मोठ्या बाजारपेठेत किंवा ऑनलाइन मिळतात. ८२७१ चिप आणि सव्वापाच इंची ड्राइव्ह मात्र जुन्या यंत्रांतूनच मिळवावे लागतात. म्हणून चालू नसलेला ड्राइव्हही फेकू नये. त्याचे हेड, पट्टा, जम्पर किंवा टर्मिनेटर दुसऱ्याला उपयोगी पडतो.

डिस्क उतरवून झाल्यावर पेन ड्राइव्हवरच्या फाइलीला मूळ डिस्कवरच्या चिठ्ठीतलेच नाव द्यावे, बाजूचा क्रमांक लिहावा आणि आणखी एक प्रत वेगळ्या ठिकाणी ठेवावी. मूळ डिस्क टाकून देऊ नये. आज न वाचलेला एखादा भाग उद्या दुसऱ्या ड्राइव्हवर वाचला जाऊ शकतो.